राजीनामा आणि जामीन



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा पहिला आक्षेप आमच्या घरातूनच आला. आमच्या सौ. म्हणाल्या, "एकतीस वर्षं एकाच कॉलेजात, एकाच खुर्चीवर बसलात. दर महिन्याला पगार घेतलात, आता पेन्शन घेता. नोकरी सोडून धंदा करणाऱ्यांवर तुम्ही काय बोलणार?" आक्षेप बरोबर आहे. स्वतः न केलेल्या गोष्टींवर भरपूर बोलायचे, ही आमच्या तत्त्वज्ञानवाल्यांची जुनी खोड आहे.

तरी हा विषय आम्ही घेतला, त्याला कारण एक पत्र्याची पट्टी. मेहकर रस्त्यावर आमच्या धाकट्या भावाचे मोटार वायंडिंगचे दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिथे येतात, आतली जळकी तार काढून नवी भरली जाते. काही वर्षांपूर्वी तिथे चहा घेत बसलो होतो. एका जुन्या पंपावरची नावाची पट्टी भावाने फडक्याने पुसली, आणि खाली अक्षरे उमटली : किर्लोस्कर. हे नाव काय, आपण सगळ्यांनीच शेतात पाहिलेले. पण त्या दिवशी मनात आले, हे आडनाव मुळात एका मास्तराचे आहे. ड्रॉइंग शिकवणाऱ्या मास्तराचे. आणि त्या मास्तराने लागलेली नोकरी सोडली होती. त्या दिवसापासून आम्ही त्या माणसाबद्दल मिळेल ते वाचत आलो. आमच्या भावाचाही या गोष्टीशी संबंध आहे, पण तो शेवटी सांगू.

आधी एक म्हण घेऊ. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. आपल्या आजोबांच्या तोंडी ती होती, आणि तेच आजोबा मुलाला चिकटवण्यासाठी साहेबाच्या पाया पडत होते. म्हण सांगायची एक आणि वागायचे दुसरे, असे का झाले? वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस थांबला, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावची कापसाची पेठ एवढी वाढली की १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा टाकला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आठ मैलांच्या फाट्याला व्हाइसरॉय! पण भाव ठरायचा तो लिव्हरपूलला. अमेरिकेतले युद्ध संपले, भाव कोसळले. पाठोपाठ १८९६-९७ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा त्याहून भयंकर. उत्तम शेतीने माणूस मेला आणि कनिष्ठ नोकरीने जगला. कारकुनाचा पगार दुष्काळातही येत होता. ही गोष्ट आपल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली. तेव्हा नोकरीला चिकटून राहणाऱ्यांना भित्रे म्हणून हिणवणारी जी भाषणे हल्ली गावोगाव होतात, ती आम्हाला पटत नाहीत. ती भीती पाहून-सवरून आलेली आहे.

आता मास्तरांकडे येऊ.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातले गुर्लहोसूर. वडील वेदान्ताचे जाणकार. मुलाचे शाळेत लक्ष नाही, लक्ष चित्रात आणि यंत्रात. वडिलांची इच्छा नसताना १८८५ साली हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. खर्चाला पैसे कोणी दिले? थोरले बंधू रामुअण्णांनी. हे नाव लक्षात ठेवा. दोन वर्षांनी कळले, की लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकाराला रंगांधळेपणा, म्हणजे प्रकरण संपलेच. पण यांत्रिक रेखाटनाला रंग लागत नाहीत, रेघ लागते. त्यावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, ज्याला आपण व्हीजेटीआय म्हणतो, शिक्षक झाले. तेव्हा ती संस्था भायखळ्याला होती, गिरण्यांच्या ऐन वस्तीत.

पुढची गोष्ट बहुतेक सगळे सांगतात. १८९७ साली बढतीची पाळी लक्ष्मणरावांची होती. ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला, मुंबई सोडली, बेळगावला आले, सायकलचे दुकान काढले, आणि पुढे कारखानदार झाले. अपमान, बाणेदार राजीनामा, यश. तीन प्रवेशांचे नाटक. आम्हीही वर्गात 'स्वातंत्र्य आणि निर्णय' हा पाठ शिकवताना हे उदाहरण अशाच थाटात दिलेले आहे. मुलांना आवडायचे.

पण सन बघा हो. बेळगावच्या दुकानाचा सन १८८८. राजीनाम्याचा १८९७. म्हणजे दुकान आधी, राजीनामा मागून, आणि मध्ये नऊ वर्षे. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेत आणि बेळगावला पाठवीत. तिथे रामुअण्णा त्या विकीत. एक सायकल सातशे ते हजार रुपयांना जाई, आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे. त्या काळचे हजार रुपये म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर साहेब, डॉक्टर, वकील. खोक्यातून आलेली सायकल जोडणे, बिघडलेली दुरुस्त करणे, रुसलेल्या गिऱ्हाइकाची समजूत घालणे, उधारी वसूल करणे, हे सगळे नऊ वर्षे चालू होते. मुंबईत धाकटा शिकवीत होता, शिकत होता, पगार घेत होता. बेळगावात थोरला दुकान उघडून बसला होता.

आम्ही तत्त्वज्ञानवाले 'निर्णय' हा शब्द वापरतो तेव्हा डोळ्यांसमोर एक क्षण असतो. माणूस दोन वाटांपाशी उभा आहे आणि तो एक वाट धरतो. लक्ष्मणरावांच्या बाबतीत असा क्षण शोधायला गेले तर सापडतो खरा, तारीखवार सापडतो. पण त्या क्षणाला ते दोन वाटांपाशी उभे नव्हतेच. दुसरी वाट भावाने आधीच झाडून ठेवली होती. अपमान मुंबईत त्या काळी हजारोंचे झाले असतील. राजीनामा देणे त्यातल्या किती जणांना परवडणार होते? अपमानाने माणूस उठतो, हे कबूल. पण उठून जायचे कुठे, हा प्रश्न स्वाभिमानाने सुटत नाही.

शिवाय बेळगावला आल्यावर सगळे सुरळीत झाले असेही नाही. दोघा भावांना नुसती विक्री करायची नव्हती, काहीतरी घडवायचे होते. कडबा कापायचे यंत्र केले. मग १९०३ साली लोखंडी नांगर. आणि हा नांगर कोणी घेईना. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीला विष चढते, जमीन नापीक होते, असे शेतकरी म्हणत. याच साली शंतनुरावांचा जन्म झाला. म्हणजे घरात तान्हे मूल, अंगणात न विकलेले नांगर, आणि पगाराची एक तारीख आता येणार नाही. राधाबाईंनी, त्यांच्या पत्नीने, ही दोन वर्षे कशी काढली असतील याची आम्ही नुसती कल्पना करतो.

इथे आम्हाला जरा थांबायचे आहे, कारण शेतकऱ्यांच्या अंधश्रद्धेची ही गोष्ट सांगताना श्रोते हसतात. आपण काळ्या मातीचे लोक आहोत, आपण हसू नये. आपल्या वऱ्हाडात काळ्या रानात नांगर दरसाल घालत नसत. वखराच्या पाळ्या द्यायच्या, आणि कुंदा किंवा हरळी फारच माजली तर नांगर काढायचा. जड लाकडी नांगर, चार-चार बैल. खालची माती वर आणावी की नाही, ओल उडेल का, बैलाला झेपेल का, हे हिशेब प्रत्येक कुणब्याच्या डोक्यात होते. त्यात नवे औत घ्यायचे म्हणजे रोख पैसा, आणि ते शेतात मोडले तर गावचा सुतार ते दुरुस्त करू शकत नाही. सुताराला बलुते देऊन लाकडी नांगर वर्षभर नीट राहतो. लोखंडाचा फाळ बदलायला बेळगावला जायचे का? 'विष चढते' हे त्या सगळ्या शंकांचे एका वाक्यातले रूप असावे, असे आमचे मत आहे. धोका कारखानदाराने पत्करला तसा तो पहिल्या गिऱ्हाइकानेही पत्करला. एका हंगामाचा, म्हणजे वर्षाच्या भाकरीचा.

हळूहळू नांगर खपू लागला. आणि खपू लागला तोच बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. तिथे नवी वसाहत करायची होती. नोकरी सोडून तेरा वर्षे झालेली, वय चाळिशीचे, आणि भट्टी, यंत्रे, माणसे घेऊन जायला जागा नाही. त्या वेळी औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. लक्ष्मणराव त्यांच्याकडे बांधकामाच्या कामावर होते, ओळख तिथली. त्यांनी जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन कुंडल रोड स्टेशनजवळची, बत्तीस एकर, निवडुंग आणि नागांनी भरलेली. १९१० साली तिथे बिऱ्हाड पडले. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

राजाने पैसे दिले हे छापून येते. त्या निवडुंगात आणखी कोण आले ते कमी छापून येते. बेळगावचे कामगार बायकापोरांसह आले. शंभूराव जांभेकर आले, मंगेशराव रेगे हिशेब आणि कचेरी सांभाळायला आले. रामुअण्णा तर आलेच. घरे कुठे, विहीर कुठे, रस्ता कुठून, ही गावाची मांडणी त्यांच्याकडे. रखवालीला शिक्षा भोगून आलेली माणसे ठेवली आणि त्यांनी इमानाने राखण केली. त्या वाडीत शिवाशीव पाळायची नाही असा लक्ष्मणरावांचा दंडक होता, आणि तो १९१० च्या सुमाराचा आहे. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफेचा नांगर झाला, ही काव्यात शोभणारी गोष्ट प्रत्यक्ष घडलेली आहे. पुढचे सगळे, पंप, इंजिने, परदेशी माल पाठवणे, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यात आम्ही शिरत नाही.

एक उलटे उदाहरण लगेच सांगून टाकतो. धुंडिराज गोविंद फाळके. पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन, सरकारी नोकरी. स्वदेशीच्या लाटेत ती सोडली, लोणावळ्याला छापखाना काढला. धंदा चालला, तीनरंगी छपाईची यंत्रे आणायला ते १९०९ साली जर्मनीलाही जाऊन आले. आणि मग भागीदारांशी बिनसले, फाळके स्वतःच्या धंद्यातून रिकाम्या हाताने बाहेर पडले. सिनेमा काढायचे डोक्यात घेतले तेव्हा विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते विलायतेला गेले, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. त्या बाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून रात्री फिल्मच्या कामाला बसत. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला. भागीदार गेले तरी फाळके उभे राहिले, कारण घरात एक माणूस उभे होते. १९४४ साली नाशिकला त्यांचे निधन झाले तेव्हा हाती फारसे काही उरले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. रामुअण्णांसारखा भाऊ फाळक्यांच्या धंद्यात असता तर काय झाले असते, असा विचार आमच्या मनात येतो. इतिहासात असे प्रश्न विचारू नयेत म्हणतात. आम्ही इतिहासाचे नाही, म्हणून विचारतो.

आता आमच्या भावाचे.

तो एका बँकेत होता. आमच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. वीस वर्षे नोकरी झाली होती. २००० सालच्या शेवटी बँकांची स्वेच्छानिवृत्ती योजना आली; देशभरात सुमारे एक लाख बँक कर्मचाऱ्यांनी ती घेतली. त्याने शेतकऱ्यांना विहिरीची, मोटारीची कर्जे देता देता पाहिले होते, की मोटार जळाली की आठ-आठ दिवस ओलित बंद पडते, कारण दुरुस्तीला ती शहरात न्यावी लागते. दोन चांगले कारागीर त्याने हेरून ठेवले होते. हिशेबाची एक वही होती. आमची आई तेव्हा होती. ती म्हणाली, "काहून सोडतं रे बापा लागलेली नोकरी? तुह्या बापानं किती हेलपाटे घातले व्हते त्या नोकरीपायी." तो हसला, आणि आमच्याकडे वळला.

त्याला जामीनदार पाहिजे होता. निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग जुन्या घरकर्जात गेला होता, उरलेल्यात यंत्रसामग्री होत नव्हती. थोडे कर्ज, आणि त्याला एका पगारदार माणसाची सही. म्हणाला, "दादा, तुम्ही फक्त सही करा. हप्त्याची काळजी माझी."

आम्ही सही केली नाही. कारणे दिली. मुलीचे शिक्षण आहे, आमच्यावरही सोसायटीचे कर्ज आहे, आणि तत्त्व म्हणून आम्ही कुणाला जामीन राहत नाही. हे तत्त्व त्या संध्याकाळी जन्माला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या तासाला आम्ही बी.ए.च्या वर्गात सार्त्र शिकवला. माणूस स्वतंत्र असण्याला शापित आहे, तो भाग. चांगला शिकवला, मुलांनी टिपणे घेतली.

सही कोणी केली? त्याच्या मेहुण्याने. जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक, आमच्याहून निम्म्या पगाराचा, दोन मुली घरात. त्याने फॉर्मवर काय लिहिले आहे तेसुद्धा वाचले नाही म्हणतात. पुढची दोन वर्षे पावसाने ओढ दिली, विहिरींनी तळ गाठले. पाणीच नाही तर मोटार चालणार कुठून आणि जळणार कुठून? तीन हप्ते थकले. नोटीस मेहुण्याच्या शाळेच्या पत्त्यावर गेली. तो ती खिशात घालून दुकानावर आला, भावाला दाखवली नाही, आणि पगारातून दोन हप्ते भरून गेला. हे आम्हाला कळले तेव्हा मधे पाच-सहा वर्षे गेली होती, आणि कळले ते वहिनींकडून, आमच्या सौ.ना बोलता बोलता. भावाने आजवर एका शब्दाने विषय काढलेला नाही. दिवाळीला येतो, पाया पडतो.

दुकान मोठे झाले नाही. किर्लोस्करवाडी वगैरे काही झाली नाही, कृपा करून तशी अपेक्षा ठेवू नका. चार माणसे कामाला आहेत, रब्बीत सहा. तो आज इथे नाही, कारण गहू-हरभऱ्याचे पाणी चालू आहे आणि हा मोटारी जळण्याचा हंगाम आहे. लक्ष्मणरावांचे चरित्र आम्ही वाचत होतो ते लक्ष्मणरावांसाठी, आणि दर वेळी आमचे बोट अडत होते रामुअण्णांवर. धाकट्याला मुंबईला पाठवताना, बेळगावचे दुकान सांभाळताना, निवडुंगात गाव आखताना. चरित्र लक्ष्मणरावांचे आहे आणि ते असायलाच पाहिजे. बुद्धी त्यांची, धाडस त्यांचे. पण १८९७ च्या त्या राजीनाम्यावर आम्हाला हल्ली दोन सह्या दिसतात.

गेल्या दिवाळीतली गोष्ट सांगतो आणि संपवतो, समोरून घड्याळ दाखवताहेत. भावाचा मुलगा पुण्याला एका कंपनीत इंजिनिअर आहे, बारा वर्षे झाली. जेवणे झाल्यावर अंगणात आमच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "काका, नोकरी सोडायचं म्हणतोय. बाबांच्या दुकानाशेजारी जागा आहे. सोलर पंप बसवून द्यायचे, दुरुस्ती करायची, असं डोक्यात आहे. बाबांना अजून बोललो नाही." आत भांडी घासण्याचा आवाज येत होता. आम्ही त्याला वही विचारली. वही नव्हती, मोबाइलमध्ये सगळा हिशेब होता, तो त्याने दाखवला. आम्हाला अर्धा कळला. मग आम्ही विचारले, "कर्जाला सही कुठे करायची?"

तो हसला. म्हणाला, "काका, मुद्रा कर्जाला आता जामीनदार लागत नाही."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, "पण बाबांशी बोलताना तुम्ही सोबत या." उद्या आम्ही मेहकरला चाललो आहोत. आता कुणाला काही विचारायचे असेल तर विचारावे. माइक मागच्या बाजूला द्या.